इथेनॉलचे पेट्रोल आणि जुन्या दुचाकींचा प्रश्न

चोर्ला घाटमार्गे बेळगावला जाणाऱ्या गोमंतकीय प्रवाशाला शहराच्या अलीकडे पिरनवाडी लागते. जवळच मच्छे आणि उद्यमबागेतील कारखाने, पलीकडे खानापूरची शेती. या पट्ट्यातील कामगार व शेतकऱ्यांचे हक्काचे वाहन म्हणजे जुनी मोटारसायकल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले आणि नव्या दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आले. त्याआधीच्या बहुतेक गाड्या मात्र कार्बुरेटरवरच चालतात. पावसाळ्यात काही आठवडे उभी राहिलेली अशी गाडी किक मारून दमवते, आणि सुरू झाली तरी चोक बंद करताच मान टाकते.

कार्बुरेटर चोंदणे हे दुखणे इथेनॉलच्या आधीचे आहे, हे मान्य करायला हवे. साचलेले पेट्रोल उडून जाते, मागे डिंकासारखा थर उरतो आणि पायलट जेटचे सुईच्या अग्राएवढे छिद्र बुजते. इथेनॉल त्यात भर घालते. ते हवेतील ओलावा शोषते; पाणी वाढले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होत तळाशी बसतात आणि धातू गंजू लागतो.

घरी सफाई करणे अवघड नाही. पेट्रोलचा कॉक बंद करावा, खालची वाटी उघडून साचलेले इंधन काढावे, जेट काढून क्लीनर फवारावा आणि हवेच्या दाबाने छिद्रे मोकळी करावीत. तार खुपसू नये; छिद्र रुंदावले तर गाडी कायमची पेट्रोल जास्त पिते. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी त्याचे फेरे मोजून ठेवावेत. हे काम उघड्यावर करावे, चुलीजवळ किंवा दिव्याजवळ नव्हे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर वाटी आधीच रिकामी करणे उत्तम.

पण साफ केलेल्या जेटमधून पुन्हा तेच पेट्रोल वाहणार आहे. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०१८ च्या धोरणात २०३० साठी होते. ते अलीकडे आणून २०२५ मध्येच गाठले गेले. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अशा जुन्या दुचाकींचे मायलेज ३ ते ४ टक्के घटेल, असे नमूद होते. काही जुन्या वाहनांचे रबरी भाग व गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले; खर्च किरकोळ आहे, अशी पुस्तीही जोडली. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

बेळगाव हा उसाचा जिल्हा. इथेनॉलच्या पैशातून कारखाने उसाची बिले भागवतात, त्यामुळे मिश्रणच थांबवा, असे येथील शेतकरी म्हणणार नाही. मात्र त्याच्याच उसाचे इथेनॉल त्याच्याच टाकीत परतते आणि गॅस्केटचा खर्चही त्यालाच सोसावा लागतो. हा खर्च दिल्लीत किरकोळ ठरत असेल. रोजंदारीवरच्या घरात तो एका दिवसाच्या कमाईचा हिशेब असतो. जुन्या गाड्यांसाठी १० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपावर उपलब्ध ठेवण्याची मागणी म्हणूनच रास्त ठरते. घाटाच्या अलीकडे, गोव्यातील मोटारसायकल पायलटांपैकी जे अजून जुन्या गाडीवर पोट भरतात, त्यांचाही प्रश्न याहून वेगळा नाही.