मोटारसायकलच्या बैठकीची खिटी

पावसाळा सरत आला कीं अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील सोसायट्यांच्या आवारांत एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. मोटारसायकलची बैठक कांहीं केल्या उघडत नाहीं. किल्ली फिरवून दमलेला घरांतील तरुण शेवटीं पक्कड मागवितो. पक्कड येते आणि किल्ली मोडते. एकत्र कुटुंबांत तर वाहन एक व चालविणारे चार. प्रत्येकाच्या हाताचा जोर निराळा!

वस्तुतः दोष किल्लीचा नसतो. बैठकीच्या तळाशीं लोखंडी कडी असते. ती खालच्या खिटींत शिरली म्हणजे स्प्रिंगच्या जोरानें खिटी तिला धरून ठेवते. किल्ली फिरवितांच बहुतेक गाड्यांत एक तार खिटीस मागें ओढते. आतां आमच्या उपनगरांच्या एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास ठाण्याची खाडी. हवेंत खार, वरून चार महिने पाऊस. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला, हें वाचकांस स्मरत असेलच. चिखल व जुनें ग्रीस मिळून खिटींत खळ जमते, वर गंज चढतो.

अशा वेळीं एकानें बैठक खालीं दाबून धरावी व दुसऱ्यानें हलकेच किल्ली फिरवावी. ताण उतरून खिटी बहुधा सुटते. मग दांत घासण्याचा जुना ब्रश रॉकेलांत किंवा डिझेलांत बुडवून खिटी घासावी. इंजिन थंड असावें, जवळ विस्तव नसावा. कोरडें पुसून, खिटी फिरते तेथें व कडीस बोटाच्या टोकावर राहील इतकेंच ग्रीस लावावें. स्वयंपाकघरांतील गोडें तेल कदापि घालूं नये; तें कालांतरानें चिकटतें. डब्ल्यूडी-४० चा फवारा गंज सोडविण्यास चांगला, पण टिकाऊ नव्हे. त्यावर ग्रीस हवेंच. किल्लीच्या भोंकांत मात्र ग्रॅफाइटची पूड बरी. संस्कृतांत तेलास ‘स्नेह’ म्हणतात. अतिस्नेहावर धूळ बसते, हें घरांतील वडीलधाऱ्यांस सांगणें नकोच.

न उघडणारी खिटी त्रास देते, न धरणारी घात करते. मागें मूल घेऊन बसलेल्या माउलीची बैठक जागीं राहणें त्या कडीवर अवलंबून असतें. म्हणून बैठक बंद केल्यावर ‘खट्’ असा आवाज ऐकावा, आणि दोन्ही हातांनीं ती वर ओढून पाहावी. हलली तर तार व कडीचे बोल्ट मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत. स्प्रिंग ढिली असल्यास नवीच बसवावी. जुनी वांकवून चालविण्याची काटकसर या एका ठिकाणीं आम्हांस मान्य नाहीं.