पांढरीवरच्या खापऱ्या वेचायला हव्यात

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या जुन्या गावांची पांढरी भोवतालच्या काळ्या रानात लांबूनच ओळखू येते. राखाडी-पांढरट, भुसभुशीत मातीचा तो उंचवटा निसर्गाने घडवलेला नसतो. पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीतली राख, गोठ्यातला केर आणि फुटलेली मडकी पिढ्यानपिढ्या एकावर एक साचत गेली, की पांढरी तयार होते. माळवदावर घालायला ही माती चांगली, म्हणून पूर्वी ती टोपल्यांनी नेली जाई. रानाला खत म्हणूनही ती मानवते, म्हणून आता ती जेसीबीने ट्रॉलीत भरली जाते. टोपलीने जे संपायला शतके लागली असती, ते यंत्र एका उन्हाळ्यात संपवते. माझे म्हणणे असे, की या दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक पांढरीवरच्या खापऱ्या ती माती हलण्याआधी वेचून, धुऊन, नोंदवून ठेवल्या पाहिजेत. हे काम कुणा हौशी माणसाच्या उत्साहावर न सोडता विद्यापीठाने आणि शासनाने अंगावर घेतले पाहिजे. खापरीचा तुकडा कुणाला मोलाचा वाटत नाही, आणि तेच तिचे बळ आहे. सोने वितळवतात, लाकूड कुजते, लोखंड गंजते. भाजलेली माती मात्र कुजत नाही आणि कुणी ती चोरूनही नेत नाही. लिपी नसलेल्या काळाचा हिशेब लावायचा तर तिच्याशिवाय गत्यंतर नाही.

अशा खापऱ्यांनी एका देशाचा इतिहास कसा उलटापालटा केला, हे पाहायचे तर चीनकडे पाहावे लागते. १९२१ साली स्वीडिश भूगर्भशास्त्रज्ञ योहान गुन्नार अँडरसन यांनी हेनान प्रांतातल्या यांगशाओ या खेड्यात उत्खनन केले. लाल अंगाची, काळ्या रंगात नक्षी काढलेली भांडी तिथे निघाली. चीनमध्ये अश्मयुग झालेच नाही, असे मानणारे विद्वान तोवर होते. अँडरसन यांना त्या नक्षीत तुर्कमेनिस्तानातल्या अनाऊ आणि युक्रेनमधल्या त्रिपोल्ये इथल्या भांड्यांचे साम्य दिसले आणि रंगीत भांडी घडवण्याची कला पश्चिमेकडून आली असावी, असा तर्क त्यांनी मांडला. पुढे गान्सू प्रांतातल्या भांड्यांचा कालक्रम लावताना त्यांनी छीज्या संस्कृतीची साधी भांडी सर्वांत आधीची धरली आणि रंगीत भांडी नंतरची. हा क्रम नुसत्या वादविवादाने मोडला नसता. १९३१ मध्ये ल्यांग सियुंग यांनी आन्यांगजवळच्या होउगांग इथे एकाच टेकाडात तळाशी यांगशाओची रंगीत भांडी, त्यावर लुंगशानची काळी आणि सर्वांत वर शांग काळातली भांडी असे थर दाखवले. १९४५ मध्ये श्या नाय यांनी गान्सूतल्या यांगवावान इथे छीज्या काळातली थडगी उकरली, तेव्हा थडग्यात परत ढकललेल्या मातीत रंगीत भांड्याच्या खापऱ्या सापडल्या. थडगे खणले गेले तेव्हा रंगीत भांडी केव्हाच फुटून मातीत मिसळली होती, म्हणजे ती आधीची होती, एवढा साधा आणि न टाळता येणारा निष्कर्ष त्यातून निघाला. नामांकित संशोधकाने घालून दिलेला क्रम मूठभर खापऱ्यांनी उलटा ठरवला. त्या नुसत्या हाती आल्या असत्या तर काही उपयोग नव्हता. कुठल्या मातीत, कशाच्या खाली आणि कशाच्या वर सापडल्या, हे लिहून ठेवले म्हणून त्या बोलल्या.

आपल्याकडची गोष्टही पुष्कळशी याच वळणाने गेली. १९५०-५१ मध्ये संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे इथे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले, आणि तिथल्या भांड्यांवरून एका संपूर्ण संस्कृतीला नाव मिळाले. जोर्वेची खापरी एकदा हातात घेतली की विसरत नाही. पातळ, आतपर्यंत एकसारखी भाजलेली, वर तांबडा लेप आणि त्यावर काळ्या रेघांची, चौकटींची भौमितिक नक्षी. चांगल्या भाजणीच्या तुकड्यावर नखाने टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो. चाकावर हात बसलेला आणि आव्याची आच ओळखणारा कुंभार तीन हजार वर्षांमागे इथे होता, हे तो तुकडा सांगतो. सुरुवातीला याही भांड्यांचे मूळ पश्चिमेत शोधले गेले. नर्मदेकाठच्या नावडातोलीतल्या भांड्यांचे इराणी भांड्यांशी असलेले साम्य पाहून खुद्द सांकलियांनी तिकडून आलेल्या लोकांची शक्यता मांडली होती. दायमाबादला सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे पाच थर एकावर एक मिळाले, तेव्हा इथल्या भांड्यांना इथलाच लांबलचक पूर्वेतिहास असल्याचे दिसू लागले. पुढे १९६८ पासून डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यातल्या इनामगावात वर्षानुवर्षे खोदकाम केले. घोड नदीकाठच्या त्या गावात शंभराहून अधिक घरे, भांडी भाजण्याची भट्टी, पाण्याचा पाट आणि धान्यकोठार असलेले प्रमुखाचे मोठे घर उघडे झाले. ‘हे लोक कुठून आले’ हा प्रश्न मागे पडून ‘ते कसे जगले’ हा प्रश्न पुढे आला. माझ्या मते महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाने मिळवलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

आता ही गावे नकाशावर मांडून पाहा. जोर्वे, नेवासे आणि दायमाबाद प्रवरेकाठी, इनामगाव घोडकाठी, प्रकाशे तापीकाठी. मराठवाड्यात पैठण तालुक्यातले आपेगाव गोदाकाठी. तीच गोदावरी पुढे नांदेडला येते, सीमेवर मांजरेला पोटात घेते, पण या पट्ट्यातले एखादे ताम्रपाषाण गाव विद्यार्थ्याला पाठ असते असे नाही. लातूरच्या शेजारी तेर आहे. तिथे सातवाहन काळातल्या आणि रोमशी झालेल्या व्यापाराच्या खुणा विपुल मिळाल्या, आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंमधून संग्रहालय उभे राहिले. त्या एका माणसाने जे केले त्याबद्दल मराठवाड्याने कायम ऋणी राहावे. पण तेर हे नगर होते. त्या नगराला धान्य पुरवणारी, त्याच्याही हजार वर्षे आधी वसलेली खेडी कुठे होती? नकाशा कोरा असला म्हणून माणसे नव्हती असे होत नाही. तो कोरा राहण्याची कारणे बरीचशी आधुनिक आहेत. डेक्कन कॉलेज पुण्यात, त्यामुळे तिथल्या संशोधकांची पायपीट आधी जवळच्या खोऱ्यांत झाली. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादचे पुरातत्त्व खाते १९१४ पासून काम करत होते, त्याने पैठणला उत्खननही केले, पण त्याचे मुख्य लक्ष अजिंठा-वेरूळच्या लेण्यांकडे आणि वास्तूंकडे राहिले. नांदेड आणि लातूर दोन्ही केंद्रांपासून दूर पडले.

दूरच्या साम्यावरून निष्कर्ष काढायची घाई किती महाग पडते, याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. शीआनजवळच्या बान्पो या यांगशाओ काळातल्या गावात तान्ही मुले मडक्यात ठेवून घरांच्या आसपास पुरलेली सापडली. मडक्यावर पालथा वाडगा आणि त्या वाडग्याला अनेकदा बुडाशी बारीक छिद्र. इनामगावातही तान्ही मुले मातीच्या दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवून घरातल्या जमिनीखाली पुरलेली आहेत. दोन्ही ठिकाणी गेलेले मूल घरापासून लांब जाऊ दिलेले नाही. पण दोहोंमध्ये हजारो मैलांचे आणि काही हजार वर्षांचे अंतर आहे, आणि एकाने दुसऱ्याकडून उचलले असे म्हणायला काडीचा आधार नाही. मातीचे भांडे घडवणारी, शेती करणारी आणि मुले गमावणारी माणसे एकमेकांना न भेटताही सारखे वागू शकतात. साम्य म्हणजे संबंध नव्हे, हे ठरवायला दोन टोकांच्या मधली प्रत्येक पायरी हाताशी असावी लागते. आपल्या मधल्या पायऱ्या पांढरीत आहेत आणि ट्रॉलीतून रानोमाळ पांगत आहेत.

यावर पहिला आक्षेप येईल तो पाण्याचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात खापऱ्यांवर खर्च कसला, असे कुणी विचारले तर तो राग मला रास्त वाटतो. पण दुष्काळाशी झुंजण्याचा या मातीतला सर्वांत जुना वृत्तांत याच खापऱ्यांत आहे. इनामगावात इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र बदलते. ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात, भांड्यांची भाजणी आणि नक्षी उतरणीला लागते, शेतीपेक्षा शिकारीवर आणि गोळा केलेल्या अन्नावर भर वाढतो, आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव ओस पडते. म. के. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या कोरडेपणात पाहिले. अलीकडे त्या स्पष्टीकरणावर शंकाही घेतल्या गेल्या आहेत. हा वाद एका गावाच्या पुराव्यावर मिटणार नाही. मांजरा-तेरणेच्या काठी त्याच काळात काय झाले, माणसे टिकली की हलली, हे कळले तरच तो पुढे सरकेल. अवर्षणाचा प्रदेश म्हणून ज्याची ओळख आहे, त्या प्रदेशानेच हा पुरावा गमावावा, हे मला सहन होत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा: चीनकडे पैसा आहे, हुकूम चालतो, आपले तसे नाही. चीनची आजची यंत्रणा मोठी आहे हे खरेच. २००७ ते २०११ च्या राष्ट्रीय पाहणीत तिथे साडेसात लाखांहून अधिक वारसास्थळे नोंदवली गेली, आणि मोठ्या बांधकामाआधी पुरातत्त्वीय पाहणीचा खर्च बांधणाऱ्याने सोसावा, अशी तरतूद त्यांच्या कायद्यात आहे. पण होउगांगचे थर उलगडले ते यादवीने पोखरलेल्या देशात, आणि श्या नाय यांनी ती थडगी उकरली ती जपानशी चाललेल्या युद्धाच्या शेवटच्या वर्षात. तेव्हा पैसा नव्हता, शिस्त होती. शिवाय मी सगळीकडे उत्खनन करा असे म्हणतच नाही. उत्खनन खर्चिक असते आणि घाईने केलेले उत्खनन म्हणजे नासधूस. पाहणीला लागते ती नांगरट झालेल्या रानातून रांगेने चालण्याची तयारी, नकाशा, मोबाइलमधले स्थान-निर्देशांक, कापडी पिशव्या आणि खापऱ्या ओळखणारी नजर. रब्बी निघाल्यावर, पावसाआधीचे दोन महिने यासाठी उत्तम. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि त्याचे लातूरचे उपकेंद्र यांच्याशी जोडलेल्या महाविद्यालयांत इतिहास शिकणारी मुले-मुली याच गावांतून येतात. आपल्या गावची पांढरी त्यांना बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा जास्त ठाऊक असते.

शेतकऱ्याचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पांढरीत जुने काही आहे म्हटले की जमीन अडकेल, विहीर खोदता येणार नाही, घर बांधता येणार नाही, ही भीती खोटी नाही. संरक्षित स्मारकाभोवती बांधकामावर निर्बंध येतात हे लोकांनी पाहिले आहे. म्हणून नोंद आणि संरक्षण या गोष्टी सुरुवातीपासून वेगळ्या ठेवाव्यात आणि तसे ग्रामसभेत लेखी सांगावे. नोंद झाली म्हणून कुणाची एक गुंठाही जमीन अडकणार नाही. माती नेण्याआधी पंधरा दिवस कळवा, एवढीच विनंती. फार थोड्या पांढऱ्या खरोखर राखण्याजोग्या निघतील, आणि तिथे मोबदला द्यावाच लागेल. मंदिरे आधी, खापऱ्या नंतर, असेही काही जण म्हणतील. होट्टलचे, निलंग्याचे देऊळ मलाही प्रिय आहे, पण ते उद्याही उभे असेल. पांढरीबद्दल तसे म्हणता येत नाही.

एका गोष्टीची धास्ती मात्र मलाही आहे. प्राचीन भांडे सापडले की ते आमच्याच जातीचे, आमच्याच भाषेचे, असे दावे लगेच सुरू होतात. चीनमध्येही अर्लितोऊच्या अवशेषांवर श्या राजवंशाचे नाव चिकटवावे की नाही, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. खापरी कोणती भाषा बोलत होती हे खापरी सांगत नाही. म्हणून प्रत्येक पिशवीवर गाव, गट क्रमांक आणि तारीख लिहिली जावी, आणि सगळी नोंद सर्वांना पाहता येईल अशी उघडी ठेवावी. नोंद उघडी असली की खोटा दावा फार दिवस टिकत नाही.

जालना–नांदेड द्रुतगती मार्गासारखे मोठे रस्ते आखले जात आहेत. भूसंपादनाची मोजणी होते तेव्हाच त्या पट्ट्यातल्या पांढऱ्यांची पाहणी उरकणे सर्वांत स्वस्त पडेल. मोजणीदारांच्या पथकाबरोबर एक पुरातत्त्वाचा जाणकार पाठवायचा. आणि सुरुवात किल्लारी परिसरापासून करावी असे मी सुचवेन. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात हजारो माणसे गेली आणि पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली. त्यांची जुनी गावठाणे तेव्हापासून वस्तीविना आहेत. त्यांच्यावर घरे नाहीत, पण त्यांची माती उचलायला कुणाची आडकाठीही नाही. ज्यांची माणसे तिथे गाडली गेली त्यांना आधी विचारावे, त्यांच्या होकाराशिवाय तिथे पाऊल टाकू नये. होकार मिळाला, तर पहिल्या उन्हाळ्यात तेरणेच्या काठाने चालत निघावे.