मले नाई पायजे!

फराळाच्या ताटाशी धर्मप्रचाराचा वाद कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण सणाच्या खरेदीला निघालेल्या आपल्यापैकी पुष्कळांना अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोला स्टेशनाबाहेर येशूच्या शुभवर्तमानाची पुस्तिका पुढे करणारा एखादा माणूस कधी ना कधी भेटलाच असेल. त्याला पाहताच आपल्यातल्या काही सज्जनांना पोलिसाची आठवण होते. माझे भांडण आहे ते या सज्जनांशी.

अनोळखी माणसाला रस्त्यात गाठून देवाच्या गोष्टी सांगणे ही म्हणे परदेशी खोड! निदान वऱ्हाडात राहून तरी हे कोणी बोलू नये. शेंडगावचे गाडगेबाबा गावात शिरत ते खराटा घेऊन. दिवसा रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनात, जमलेल्या लोकांना प्रश्नांवर प्रश्न विचारून भंडावून सोडीत. मोझरीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरी काय ओळखीपाळखीच्यांपुरतीच वाजत होती? त्यांच्याजवळ परवाना होता का, हे आज कोणाच्या मनातही येणार नाही.

पुस्तिकेला मात्र परवाना हवा, ही कल्पना जुनी आहे. वऱ्हाड मध्यप्रदेशात असताना, १९५४ साली, त्या सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. १९५६ च्या अहवालात समितीने सुचविले की, वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी उपयोग कायद्याने बंद करावा, आणि धर्मप्रचाराचे वाङ्मय सरकारी संमतीवाचून वाटू देऊ नये. पहिली सूचना मला सोळा आणे मान्य आहे. खाटेवरच्या रोग्याला ‘नको’ म्हणण्याची सोय नसते. औषधाची बाटली ज्या हातात, त्याच हाताने ग्रंथ पुढे करणे हा सौदा झाला. पण चौकातून जाणाऱ्या धडधाकट माणसाचे पाय कोणी बांधले आहेत? त्याने काय वाचावे हे तहसीलदाराने का ठरवावे? घटनेच्या २५ व्या कलमाने धर्माच्या प्रसाराचा हक्क दिला आहे. दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले. सांगण्याचा हक्क त्याचा, नाकारण्याचा माझा. माझा नकार सरकारने माझ्या वतीने आगाऊ का देऊन ठेवावा?

‘पण साधी माणसे वाहवत जातात हो!’ जातात? नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियनाने ‘नवा करार’ दिला. ते काही पुढच्या स्टेशनावर ख्रिस्ती होऊन उतरले नाहीत. वाचले, विचार केला आणि १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आणि लक्ष्मीबाई? नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत. रडल्या, संतापल्या, वेगळ्या राहिल्या. पुढे स्वतःला पटले तेव्हाच ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ घरोघरी वाचणाऱ्यांनी माणसाला इतके लेचेपेचे समजावे, याचे मला नवल वाटते.

आता पुस्तिकावाल्याशीही दोन शब्द. बाबा रे, आईबाप जवळ नसताना पोरांना गाठू नकोस. दुसऱ्याच्या देवाला नावे ठेवून आपल्या देवाची ओळख करून देऊ नकोस. आणि बाजाराची पिशवी सावरीत एखादी म्हातारी ‘मले नाई पायजे, बाप्पा’ म्हणाली, की हात जोडून बाजूला हो. तिला ऐकू नीट आले आहे.