विशेष शिक्षकाची जागा कोठे?

दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकांची ४,८६० पदे राज्य शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर केली. दहा-पंधरा शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक. त्याआधी राज्यात जवळपास तीन हजार विशेष शिक्षक समग्र शिक्षा योजनेत वर्षानुवर्षे कंत्राटावर राबत होते आणि त्यांचे ठाणे असे तालुक्याच्या गट साधन केंद्रात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिले आणि मार्च २०२५ मध्ये पदे जाहीर करून भरण्यास राज्यांना बजावले. पद तालुक्यावरून केंद्रावर उतरले ते असे झगडून. कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यातील प्राथमिक शाळांपुढे आता प्रश्न आहे तो कामाच्या मांडणीचा. हा शिक्षक केंद्रशाळेतल्या साधन कक्षात बसेल, गावोगाव फिरेल, की नेहमीच्या वर्गात गुरुजींच्या बरोबरीने उभा राहील?

जुन्या पद्धतीला नावे ठेवणे सोपे आहे. तालुक्याच्या एका टोकाला नेसरी, दुसऱ्या टोकाला हलकर्णी. मोजक्या शिक्षकांनी दुचाकीवरून हा पसारा सांभाळायचा. एका मुलाची भेट पुन्हा कधी होईल, हे त्यांच्याही हाती नसे. तरी या व्यवस्थेत एक मोलाची गोष्ट होती. विशेष शिक्षकाची पदविका बहुधा एकाच अपंगत्वाची असते. कोणी कर्णबधिर मुलांसाठी शिकलेला, कोणी अंध मुलांसाठी, कोणी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी. तालुक्याच्या ठिकाणी असे दोघे-तिघे एकत्र आले की ब्रेलचे मूल एकाकडे आणि श्रवणयंत्राचे दुसऱ्याकडे सोपवता येते. केंद्राला एकच शिक्षक दिला, की ही वाटणी मोडते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या. ब्रेलमध्ये तयार झालेल्या शिक्षकाच्या केंद्रात नेमकी स्वमग्न मुले असतील, तर नेमणूक कागदावर पूर्ण आणि वर्गात अपुरी राहील.

दुसऱ्या बाजूचे पारडेही जड आहे, आणि आमच्या मते अधिकच जड. तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातील कितीतरी घरांत कानडी बोलली जाते. अशा घरातले सहा वर्षांचे मूल पहिलीत येऊन गप्प बसते, तेव्हा त्याला मराठी समजत नाही, नीट ऐकू येत नाही, की शिकण्यातच काही अडचण आहे, हे ओळखायला सतत सहवास लागतो. महिन्याकाठी तासभर येणाऱ्या माणसाला तो फरक कळणार नाही. केंद्रात दहा-पंधरा शाळा असल्या तरी त्याच गावांतून रोज फिरणाऱ्या, मुलाच्या आजीशी दोन शब्द कानडीत बोलू शकणाऱ्या शिक्षकाला तो कळेल. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यांच्या परिसरात येणाऱ्या मुलांचेही तसेच. ती येतात आणि काही महिन्यांत जातात. त्यांच्यातील दिव्यांग मूल नजरेस पडायचे, तर कोणीतरी जवळ असायला हवे.

म्हणून नेमणूक केंद्रावर असावी, पण तालुक्याचा संघ मोडू नये. आठवड्यातला एक दिवस सगळ्या विशेष शिक्षकांनी गट साधन केंद्रात एकत्र यावे, अवघड मुलांची चर्चा करावी, आणि गरज असेल तिथे एकमेकांच्या केंद्रात जावे. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी हा दिवस वेळापत्रकात लेखी धरून ठेवावा. तोंडी ठरलेला दिवस पहिल्याच प्रशिक्षणात किंवा सर्वेक्षणात वाहून जातो.

मुख्य वाद मात्र वर्गाच्या दारात आहे. साधन कक्षाचा आग्रह धरणारे अनुभवी लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. चाळीस मुलांच्या गलक्यात स्वमग्न मुलाला शांत कोपरा लागतो, वाचा उपचाराला एकांत लागतो. आमची हरकत आहे ती मुलाला वेगळे काढण्याच्या सवयीला. मूल रोज बाहेर नेले जाऊ लागले की वर्गशिक्षकाच्या लेखी ते ‘सरांचे मूल’ होते, हजेरीपटावर आपले आणि शिकवण्यात दुसऱ्याचे. इटलीने १९७७ मध्ये कायदा करून विशेष वर्ग मोडीत काढले. तिथला साहाय्यक शिक्षक एका मुलापुरता नसतो, तो संपूर्ण वर्गाचा सहशिक्षक मानला जातो. तरीही दिव्यांग मूल त्या एकट्याच्याच गळ्यात टाकले जाते, ही तक्रार तिथे आजही ऐकू येते. चार दशकांहून जास्त काळ झगडणाऱ्या देशाची ही कथा असेल, तर केवळ शासन निर्णयाने आपल्याकडे वर्ग बदलेल असे समजू नये.

प्राथमिक शिक्षकांची बाजूही इथे मांडली पाहिजे. साठपर्यंत पट असलेल्या शाळेला कायद्याने दोन शिक्षक. दोघांत चार इयत्ता, वर पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती. अशा गुरुजींना ‘समावेशन करा’ म्हणणे म्हणजे भरलेल्या डोक्यावर आणखी एक घागर ठेवणे. पण जोडवर्गाच्या याच शाळेत विशेष शिक्षक वर्गात उभा राहिला, तर त्याचा फायदा सर्वांत जास्त होईल. एकाने दुसरीला गणित घ्यावे, दुसऱ्याने पहिलीच्या सहा मुलांसोबत बसावे. त्या सहांत एक दिव्यांग, दोन वाचनात मागे पडलेली आणि बाकीची नुसती संथ. मुलावर शिक्का बसत नाही आणि गुरुजींनाही हाताला हात मिळतो. वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यावर दोघांच्या सह्या असाव्यात, पहिली वर्गशिक्षकाची.

एका ठिकाणी आमचा कौल डळमळतो. जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलाला खुणांची भाषा बोलणारे सवंगडी लागतात, आणि गावच्या शाळेत ते एकटेच असते. त्याच्यासाठी विशेष शाळा हा दुय्यम पर्याय म्हणता येणार नाही. २०१६ च्या कायद्याचे कलम ३१ लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा निवडण्याचा हक्क देते. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. राहण्याची सोय झाली म्हणून गावाकडच्या कितीतरी अपंग मुलांना शिकता आले, हा जिल्ह्याचा अनुभव आहे. मात्र निवड आईबापांनी सगळे पाहून करावी. शाळेने ‘इथे जमणार नाही’ म्हणून परत पाठवले आणि मूल विशेष शाळेत गेले, तर त्याला निवड म्हणता येत नाही.

राहता राहिले कागद. अपंगत्वाची प्रमाणपत्रे, तपासणी शिबिरे, मदतनीस भत्त्याच्या याद्या ही कामे आवश्यकच आहेत. प्रमाणपत्राअभावी सवलती अडतात आणि त्यासाठी पालकांना कोल्हापूरपर्यंत खेटे घालावे लागतात. पण ही कामे विशेष शिक्षकाच्या शाळेच्या वेळात येऊ नयेत. तपासणी शिबिर गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात ठरावीक दिवशी नियमित व्हावे आणि याद्यांचे काम गट साधन केंद्राच्या कार्यालयाने पाहावे. येत्या जूनपासून तालुक्याने दोन केंद्रे निवडून, एक पूर्व पट्ट्यातले आणि एक नेसरीकडचे, ही मांडणी वर्षभर चालवून पाहावी. वर्षाअखेरीस शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पालकांना एवढेच विचारावे: तुमचे मूल दिवसातला किती वेळ आपल्या वर्गात होते, आणि तिथे त्याला कोणी शिकवले?