मोबाइल जप्त झाला, पैसे कुठे गेले?

मागच्या महिन्यात आम्ही एका ओळखीच्या घरी बसलो होतो. धाकट्या मुलाचा मोबाइल आणि लॅपटॉप पोलिसांनी चौकशीसाठी जप्त केलेला. मुलगा नुसता साक्षीदार, पण त्याला काळजी बिटकॉइनची. त्याच्या अम्मींनी आम्हाला विचारले, "सर, मग ते पैसेही ठाण्यात जमा झाले का?"

नाही. बिटकॉइन मोबाइलमध्ये नसतेच. त्याची नोंद जगभरातल्या हजारो संगणकांवर ठेवलेल्या एका सामाईक वहीत असते. मोबाइलमध्ये असते ती फक्त चावी. आपले स्वतःचे वॉलेट उघडले की बहुधा १२ किंवा २४ साधे इंग्रजी शब्द दाखवले जातात. २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले हे शब्द त्याच क्रमाने दुसऱ्या मोबाइलमध्ये भरले की चावी पुन्हा तयार होते. या पोराने त्या शब्दांचा फोटो काढून त्याच मोबाइलमध्ये ठेवला होता! कपाटाची चावी कपाटात.

शब्द कागदावर लिहावेत. एक प्रत घरात, दुसरी विश्वासू नातेवाइकाकडे बंद पाकिटात, अमानत म्हणून. ज्याच्या हाती ते शब्द त्याच्या हाती पैसे, म्हणून व्हॉट्सॲपवर कुणालाच पाठवू नयेत, "कस्टमर केअर"लाही नाही. पैसे एक्स्चेंजच्या खात्यात असतील तर शब्दांचा प्रश्न येत नाही. त्याच नंबरचे नवे सिम घ्यावे आणि कंपनीकडे ओळखपत्रे द्यावीत.

जप्ती झाली तर जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागून घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे चित्रीकरण करावे लागते. मोबाइल परत मिळण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो. मात्र पैशांवरच कायदेशीर रोख आली असेल, तर घरातल्या कागदाच्या जोरावर ते गुपचूप हलवू नका. आधी वकिलाला विचारा. नाहीतर साक्षीदाराचा आरोपी व्हायचा.

हे चलन जायज की नाजायज, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. ते आपल्या आलिमांना विचारावे. पण घरात कुणी घेतलेच असेल तर बीवी-मुलांना त्याचा पत्ता असावा. उद्या इंतकाल झाला तर वारसांचा हक्क त्या बारा शब्दांत अडकून पडेल. वसीयतनाम्यात पाकीट कुठे आहे तेवढे लिहा, शब्द नकोत.

त्या घरातल्या थोरल्याकडेही वॉलेट आहे. आम्ही उठण्याआधीच अम्मींनी त्याच्यापुढे वही आणि पेन ठेवले होते.