उसनी पात्रे, आपला प्रश्न

आमच्या थाटीपुरातील घरात मराठी बोलली जाते. लिहिली मात्र फारशी जात नाही. मुलांची शाळा इंग्रजी, बाजार हिंदी, आणि पत्रे तर आता कोणी कोणास पाठवीत नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात माझ्या तेरा वर्षांच्या नातीच्या टेबलावर मराठीत लिहिलेली एक जाड वही दिसली, तेव्हा मला मोठा आनंद झाला. तो पाच मिनिटेही टिकला नाही. वही उघडून पाहतो तो आत हॅरी पॉटर, हर्मायनी आणि त्यांची ती जादूची शाळा!

"अगं, ही तर दुसऱ्याची माणसे. उष्ट्यावर कशाला लिहायचे? स्वतःचे काही लिही," मी म्हणालो.

तिने वाद घातला नाही. "बरं, आजोबा," एवढेच म्हणाली आणि वही कपाटात ठेवली. त्यानंतर तीन आठवडे ती वही जागची हलली नाही. घरातले एकुलते एक आपखुशीचे मराठी लेखन मी एका वाक्यात बंद पाडले होते.

याच सुमारास मी भवभूतीचे 'उत्तररामचरित' पुन्हा वाचावयास घेतले होते. तिसऱ्या अंकाशी आलो आणि माझा मीच ओशाळलो. आठव्या शतकातील या कवीजवळ स्वतःचे असे काय होते? राम वाल्मीकींचा, सीता वाल्मीकींची, वनवासही त्यांचाच. भवभूतीने आणला तो केवळ एक प्रश्न : सीतेचा त्याग केल्यानंतर रामाच्या मनाचे काय झाले असेल? त्या प्रश्नासाठी त्याने रामाला बारा वर्षांनी पुन्हा पंचवटीत आणले, आणि वाल्मीकींच्या उत्तरकांडात भूमीच्या उदरात जाणारी सीता अखेरीस रामाला परत मिळवून दिली. एवढा मोठा फेरफार करूनही त्याला कोणी उष्टे खाणारा म्हटले नाही. आपल्या मराठीतही हीच वाट वाहती आहे. मोरोपंतांनी एकाच रामकथेची १०८ रामायणे रचली; खांडेकरांनी 'ययाति' (१९५९) आणि शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय' (१९६७) महाभारतातूनच उचलले.

मग मी नातीकडे गेलो आणि जे आधी विचारायला हवे होते ते विचारले, "तुझ्या कथेत आहे तरी काय?"

ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "सातव्या पुस्तकात हर्मायनी आईबाबांना वाचवायला त्यांच्या मनातली स्वतःची आठवण जादूने पुसून टाकते आणि त्यांना ऑस्ट्रेलियाला पाठवते. पण आजोबा, तिथे रस्त्यात तिच्याएवढी मुलगी दिसली, तर त्या आईला काहीच वाटत नसेल का? पुस्तकात ते नाहीच. म्हणून मी लिहीत होते."

वाचकहो, मी काही क्षण निरुत्तर झालो. भवभूतीचा प्रश्न आणि या पोरीचा प्रश्न यांत अंतर ते किती! मूळ लेखकाने जेथे पडदा टाकला, तेथे ज्याला चैन पडत नाही, त्याला कथेचे बीज सापडले असे समजावे. नुसती पात्रे आवडली म्हणून त्यांना आणखी चार लढायांत ओढण्याने कथा होत नाही.

मग आम्ही दोघे त्या वहीजवळ बसलो. पहिली अडचण जादूची निघाली. आठवण पुसली म्हणजे नेमके काय पुसले? मी तिला तिसऱ्या अंकातील सीता सांगितली. भागीरथीच्या प्रभावाने ती पंचवटीत कोणास दिसत नाही, वनदेवतांनाही नाही. केवळ सोबतीला दिलेल्या तमसा नदीला ती दिसते. परंतु तिचा स्पर्श मात्र कळतो. मूर्च्छित राम त्या स्पर्शाने सावध होतो, हात ओळखतो, आणि समोर कोणीच नसते. दिसायचे नाही, पण स्पर्श कळायचा, एवढ्या एका नियमावर सारा अंक उभा आहे. अद्भुताला अशी मर्यादा हवी. सर्वच शक्य असेल तर कशाचीच काळजी वाटत नाही. नातीने विचार करून आपला नियम ठरविला : नाव आणि चेहरा पुसला जातो, हाताची सवय पुसली जात नाही. म्हणून तिच्या कथेतील आई रोज सकाळी तीन कप मांडते आणि एक का उरला ते तिला उमगत नाही.

दुसरी अडचण नव्या पात्राची. भवभूतीने वासंती ही वनदेवता, सीतेची मैत्रीण, कथेत आणली, ती शोभेसाठी नव्हे. आपण प्रेक्षकांनी रामाला जे खडसावून विचारावे, ते ती विचारते. नव्या पात्राला असे काम हवे. नातीने शेजारी एक ग्वाल्हेरची मराठी काकू आणून बसविली. आपल्या काकू पहिल्याच भेटीत काय विचारतात हे मी सांगावयास नको. "तुम्हाला मुलंबाळं?" त्या प्रश्नासरशी आईच्या हातातला कप थांबतो.

आणि जग कसे उभारावे? याचा धडा तर आपल्या उंबरठ्याशीच आहे. भवभूती मूळचा विदर्भातील पद्मपुरचा. पण 'मालतीमाधव' हे संपूर्ण कल्पित कथानक त्याने पद्मावती नगरीत घडविले. ही पद्मावती म्हणजे ग्वाल्हेरच्या दक्षिणेस, सिंध व पार्वती यांच्या संगमावरील पवाया. ग्वाल्हेर संस्थानचे पुरातत्त्वज्ञ मो. ब. गर्दे यांनी तेथील अवशेषांचा अभ्यास केला. तेथे सापडलेली मणिभद्र यक्षाची मूर्ती गुजरी महालातील संग्रहालयात आहे. नाटकात कपालकुंडला आकाशातून येते, स्मशानात पिशाच्चे नाचतात, चामुंडेपुढे मालतीचा बळी द्यावयाची तयारी होते. पण खालच्या नद्या आणि त्यांचे संगम खरे आहेत. जमीन ओळखीची असली की आकाशातले उडणे पटते. हे ऐकून काकूच्या बोलण्यात किल्ला आणि मेळ्याची जत्रा येऊ लागली.

राहिला ऋणाचा प्रश्न. माझा आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हता. मूळ लेखिका हयात आहे, तिच्या कष्टांचे मोल आहे. म्हणून ही कथा घरात वाचावी, विकू नये, असे आमचे ठरले. वहीच्या पहिल्या पानावर नातीने लिहिले, "पात्रे जे. के. रोलिंग यांची." खाली थोडे लहान अक्षरात स्वतःचे नाव घातले.

भवभूतीच्या काळीही त्याला नावे ठेवणारे असावेत. 'मालतीमाधवा'च्या आरंभीच तो म्हणतो की, माझ्यासारख्याच मनाचा कोणी कधीतरी जन्मेल. काळाला अंत नाही आणि पृथ्वी विशाल आहे. एवढा धीर महाकवीला शोभतो. तेरा वर्षांच्या मुलीने पहिल्या वाचकासाठी युगे का मोजावीत? तो घरातच, शेजारच्या खोलीत असावयास हवा. आपल्या घरातही एखादी अशी वही मिटून पडलेली असेल. शुद्धलेखन नंतर पाहावे, आधी "पुढे काय झाले?" असे विचारावे.

आमच्या कथेचा शेवट अजून ठरलेला नाही. आईला सारे आठवावे, असे मी म्हणतो. नात म्हणते, "नको आजोबा. तिने तिसऱ्या कपात चहा ओतावा, एवढंच."