ब्लेझर पुरे, आता शिट्टी घ्या

तुमच्या कपाटाच्या वरच्या खणात विद्यापीठाचा ब्लेझर असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. खिशावर विद्यापीठाचं बोधचिन्ह, घडीत डांबरगोळ्या. दिवाळीच्या साफसफाईत तो बाहेर निघतो, मुलं विचारतात, ‘बाबा, तुम्ही खरंच खेळायचात?’ आणि मग ती एकच मॅच पुन्हा सांगितली जाते, शेवटच्या मिनिटाला हातातून गेलेली. माझीही एक आहे. घरच्यांना ती आता पाठ झाली आहे.

माझं म्हणणं इतकंच : कोर्टवर परत या. खेळायला नको, गुडघे ऐकणार नाहीत. शिकवायला या.

असं म्हटलं की पहिलं उत्तर येतं, ‘आम्ही काय मोठे खेळाडू होतो थोडेच?’ दुसरं येतं, ‘कोचिंग आपला पिंड नाही.’ या दुसऱ्या उत्तरासाठी अमेरिकेची बास्केटबॉलपटू डॉन स्टेली हिच्याकडे बघा. फिलाडेल्फियाच्या उत्तर भागातल्या गरिबांच्या सरकारी वसाहतीत वाढलेली, पाच भावंडांत धाकटी. उंची पाच फूट सहा इंच, म्हणजे या खेळात बुटकीच. १९८८ ते १९९२ ती व्हर्जिनिया विद्यापीठाकडून पॉइंट गार्ड खेळली. चार वर्षांत २,१३५ गुण केले आणि समोरच्यांच्या हातून ४५४ वेळा चेंडू पळवला. विद्यापीठाचा संघ तीनदा देशातल्या शेवटच्या चारांत गेला, विजेतेपद मात्र एकदाही नाही. १९९१ च्या अंतिम सामन्यात जादा वेळेत टेनेसीकडून ७०–६७ अशी हार झाली. त्या शेवटच्या चार संघांतली सर्वोत्तम खेळाडू मात्र तीच ठरली, हरलेल्या संघातली असून. पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत स्टॅनफर्डकडून ६६–६५. एका गुणाने! आपण एका मॅचचं दुःख वीस वर्षं पुरवतो.

१९९२ च्या ऑलिंपिक संघातही तिला घेतलं नाही. पुढे १९९६, २००० आणि २००४ अशी तीन सुवर्णपदकं तिने मिळवली आणि अथेन्सच्या उद्‌घाटनात अमेरिकेचा झेंडा तिच्या हातात होता, हे खरं. पण मला सांगायचं आहे ते २००० सालचं. तिच्याच गावातल्या टेम्पल विद्यापीठाने तिला कोच व्हायला विचारलं. कोच व्हायचं तिच्या मनातही नव्हतं, शिवाय ती अजून व्यावसायिक संघाकडून खेळत होती. तरी तिने होकार दिला. तिथे कॉलेजचा मोसम हिवाळ्यात आणि बायकांची व्यावसायिक लीग उन्हाळ्यात. सहा वर्षं तिने दोन्ही केलं : उन्हाळ्यात स्वतः खेळायची, हिवाळ्यात खेळवायची.

२००८ मध्ये ती साउथ कॅरोलायना विद्यापीठात गेली. पहिल्या मोसमात दहा सामने जिंकले, अठरा हरले. आपल्याकडे असा कोच पुढच्या गणपतीपर्यंत टिकला असता का, सांगा. तिथल्या लोकांनी धीर धरला. खेळाडू म्हणून हुकलेलं विजेतेपद तिला कोच म्हणून २०१७ मध्ये मिळालं, मग २०२२ मध्ये आणि २०२४ मध्ये. शेवटच्या वेळी तर ३८ पैकी ३८ सामने जिंकून.

तुम्ही-आम्ही स्टेली नाही, आणि तिच्यामागे विद्यापीठाचा पैसा होता तसा आपल्यामागे नाही. मान्य. पण खेळ संपत आला तेव्हा ती कोर्टच्या कडेला नुसती आठवणी सांगत बसली नाही, हे आपल्याला जमण्यासारखं आहे.

आता एक इशारा, स्वतःच्या फजितीतून. चांगलं खेळता आलं म्हणजे शिकवता येतं असं मुळीच नाही. शिकवायला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीला मी ले-अप शिकवत होतो. ‘बघ, असं,’ म्हणून दहा वेळा करून दाखवलं. ती दर वेळी रिंगखाली येऊन थांबायची आणि दोन्ही पायांवर बेडकासारखी उडी मारायची. मी चिडलो. शेवटी तिनेच विचारलं, ‘सर, तुम्ही कुठल्या पायावर उडता?’ मला सांगता येईना! पंचवीस वर्षं पाय आपोआप पडत होते. बाजूला जाऊन सावकाश करून पाहिलं तेव्हा कळलं : उजवा, डावा आणि डाव्यावरून उडी. मग चेंडू काढून घेतला, खडूने जमिनीवर दोन खुणा केल्या आणि नुसतं चालायला लावलं. उजवा, डावा, उडी. त्या संध्याकाळी तिचा एकही बास्केट पडला नाही, पण पाय बरोबर पडले.

म्हणून शिकवणं शिका. जमत असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) कोर्स करा. अजून कॉलेजात खेळत असाल तर शाळेच्या स्पर्धांत पंचगिरी करा, टेबलवर बसून गुण लिहा. तिथून खेळ वेगळाच दिसतो. बारा वर्षांखालच्या मुलांच्या हातात सात नंबरचा मोठा चेंडू देऊ नका, पाच नंबरचा द्या. नाहीतर ती खांद्याच्या झटक्याने चेंडू फेकायला शिकतात आणि ती सवय पुढे सुटत नाही. मुलींचा सराव अंधाराआधी संपेल अशी वेळ ठेवा आणि पहिल्या दिवशी त्यांच्या आयांशी बोला. थोडी का होईना, फी घ्या. फुकटच्या कोचला पालक पावसाळ्यात विसरतात.

आणि पालकहो, दहावी आली की मुलाला कोर्टवरून उचलून नेऊ नका. आठवड्यातले दोन तास मागतोय, वर्ष नाही.

तिकडे अमेरिकेत विजेता ठरलेला संघ शिडी लावून रिंगची जाळी कापतो. १९९९ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देणाऱ्या कॅरोलिन पेक या कोचने आपल्या जाळीचा तुकडा स्टेलीला दिला होता, तेव्हा स्टेलीला कोच म्हणून हे विजेतेपद मिळालेलं नव्हतं. पुढे स्वतःच्या २०१७ च्या जाळीचे तुकडे करून तिने ते देशभरातल्या कृष्णवर्णीय महिला कोचना पाठवले. आपल्या शाळांच्या रिंगला कापायला मुळात जाळीच नसते. नायलॉनची जाळी खेळाच्या दुकानात मिळते, बारा आकड्यांत बारा फास अडकवायचे असतात. शिडी शाळेच्या शिपायाकडे मागा. सोमवारी साडेपाचला गेलात तर उजेडात काम होईल.